पॉवर बंद होती, तरी चाइम वाजला

भुताखेतांचं नाव काढलं तर समोरच्याची आधी खिल्ली उडवणाऱ्यांपैकी मी. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. करणी, अंगारे-धुपारे असल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत जागाच नव्हती. इथे लंडनलाही विहारात अंधश्रद्धेवर बोलायचं असलं की सगळे माझंच नाव पुढे करतात. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय... पण झालं ते झालं.

आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. नवरा, सुनील, कार्डिफच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला, वीकएंडला घरी येतो. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. त्यांनी उभं आयुष्य नागपूरच्या एका फॅक्टरीत पाळ्या केल्या आणि आता स्मृती दगा देतेय. मला ओळखतात, जेवतात, गप्पा मारतात, आणि मध्येच उठून ड्यूटीला निघतात! मागच्या हिवाळ्यात असेच निघाले, अंगात नुसता बनियन आणि पायात चपला, ते थेट मेट्रोपॉलिटन लाइनच्या प्लॅटफॉर्मवर सापडले. अगदी कडेला उभे होते.

दार आतून किल्लीने बंद करून ठेवू नका, आग लागली तर काय कराल, असं सोशल वर्करने बजावलं होतं. मग आधार उरला एकच, घरातला सिक्युरिटी अलार्म. त्यात चाइमची सोय आहे. पुढचं दार उघडलं की दाराजवळचं कीपॅड टिंग-टाँग वाजतं. मी वर लॅपटॉपवर काम करत असते, आवाज आला की धावते.

जानेवारीत अलार्मचं पॅनेल बिघडलं. कीपॅडची सारखी एक बारीक बीप आणि त्याच्या स्क्रीनवर ‘बॅटरी फॉल्ट’. कोड टाकून गप्प केलं की थोड्या वेळाने पुन्हा सुरू. मला नुसती डोकेदुखी, पण बाबांना तो फॅक्टरीचा भोंगा वाटायचा. बीप झाली की ताडकन उठून बसायचे.

“पोरी, भोंगा झाला ना व! डबा दे, उशीर होऊन राहिला.”

“बाबा, तुम्ही रिटायर झालात.”

“मले कोणी सांगतलं? साहेबानं सांगतल्याबिगर कसा घरी बसू मी?”

दिवसातून कितीदा तरी हेच. मी रडकुंडीला येऊन सुनीलला फोन केला.

“अगं, इंजिनिअर पुढच्या आठवड्याशिवाय अव्हेलेबल नाही म्हणतात. तू बॅटरी ऑर्डर कर आणि तूच बदल. आधी मेन्स ऑफ कर, मग जुन्या बॅटरीच्या वायर्स काढ. सिंपल आहे.”

तुझं काय जातंय सिंपल म्हणायला, असं तोंडावर आलं होतं.

बॅटरी आली त्या दुपारी बाबा जेवून खालच्या खोलीत घोरत होते. पॅनेलचा पांढरा डबा वरच्या कपाटात आहे. बाहेरचा सायरन बोंबलू नये म्हणून मॅन्युअल वाचून आधी पॅनेल सर्व्हिस मोडवर टाकलं. मग मेन स्विच बंद केला, झाकण उघडलं, लाल-काळी वायर सोडवली, जुनी बॅटरी बाहेर काढली. डब्यातला एकही दिवा जळत नव्हता. आता बाबा बाहेर पडले तर आपल्याला कळणारसुद्धा नाही, हे डोक्यात घोळत होतं, म्हणून माझी घाई चाललेली. आणि नव्या बॅटरीची प्लास्टिकची टोपणं काही केल्या निघेनात...

टिंग-टाँग.

खालून. नेहमीचाच आवाज, अगदी स्पष्ट.

जिना कसा उतरले, आठवत नाही. बाबा दाराशी होते, आतल्या बाजूला. अंगात स्वेटर, एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात लॅचवर. पण दार बंदच होतं! म्हणजे पॉवर असती तरी चाइम वाजायचं कारण नव्हतं. आणि बाबा दाराकडे तोंड करून अदबीने मान हलवत होते.

“हो जी... बरं जी...”

त्यांच्या शेजारी कीपॅडची स्क्रीन हिरवी पेटलेली. मी जवळ गेले आणि ती विझली.

“बाबा, कोणाशी बोलताय?”

“साहेब आले होते. आता तुमची ड्यूटी नाही म्हने. घरीच राहा, वेळ झाली का आमीच बोलवू.”

“कुठले साहेब?”

“दिसले नाही. दाराच्या तिकडून बोलले.”

मी त्यांना बाजूला करून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. गार वारा आणि रस्त्यावर ओळीने लावलेले बिन्स. तेवढ्यात लक्षात आलं, मी दार सताड उघडलंय आणि चाइम वाजलेला नाही. वाजणार कसा? बॅटरी वर जमिनीवर पडलेली! तेव्हा मात्र मी खरोखर घाबरले. दार लावून घेतलं आणि बाबांना खोलीत नेऊन बसवलं.

बॅटरी बसवली, पॅनेल रीसेट केलं, दार उघडून पाहिलं. टिंग-टाँग, सगळं नॉर्मल. सुनील म्हणाला, सर्किटमध्ये करंट उरला असेल. पुढच्या आठवड्यात इंजिनिअर आला, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, उरला तरी क्षणभराचा, त्यात कीपॅड पेटत नाही. मग सहानुभूतीने माझ्याकडे बघत त्याने चहा संपवला. शेजारच्यांची बेल वाजवून पाहिली, आवाज वेगळाच आहे. बाबांना भास होतात, मान्य. पण तो चाइम मी ऐकलाय, ती स्क्रीन मी पाहिलीय. कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, फक्त विज्ञानातलं सांगा.

त्या दिवसापासून बाबा एकदाही ड्यूटीला निघालेले नाहीत. दाराकडे फिरकतसुद्धा नाहीत. शांत झोपतात, पोटभर जेवतात. सुनील म्हणतो, प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना, मग कशाला डोकं लावतेस? पण रोज संध्याकाळी बाबा स्वेटरची बटणं नीट लावून बसतात आणि मला विचारतात, “बोलावनं आलं का व?” मी नाही म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते.

चाइम मी पॅनेलमधून बंद करून टाकलाय. बाबा आता जात नाहीत, मग हवाय कशाला, असं सुनीलला सांगितलंय. खरं तर तो पुन्हा वाजला तर बाबांना अडवणं माझ्या हातात नसेल, असं मला वाटतं. तो बंद असल्यामुळे जरा बरं वाटायला हवं होतं. पण त्या दुपारीही तो बंदच होता.