नखांतलं काळं

केमोने माझी नखं काळी पडली आहेत. आज सकाळी इस्पितळात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, पण काळ्या नखातून आकडा येईना, तशा सिस्टर वैतागल्या. "काका, हात तरी धुऊन येत जा!" म्हणाल्या आणि स्पिरिटचा बोळा घेऊन नख घासू लागल्या. थोडं काळं निघालं, थोडं तसंच राहिलं.

निघालं ते ग्रीस होतं. माझ्या अंगणात एक जुनी जीप विटांवर उभी आहे. नदीच्या दगडगोट्यांतून चालेल अशी ती करायची, हे मी आजाराच्या आधीच ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, जपा. मी जपूनच करतो. बरं वाटेल त्या दिवशी चार नट आवळतो, नाही वाटलं तर तिच्या सावलीत नुसता बसून राहतो. हातमोजे आहेत, पण आटे नीट बसले की नाही ते उघड्या बोटालाच कळतं. औषधाने बोटं बधिर झालीत, तरी कळतं.

नखात राहिलेलं काळं औषधाने दिलेलं. बोळ्यावर उतरलेलं मात्र माझं होतं, आणि ते कचऱ्यात जाताना बघून मला चक्क वाईट वाटलं.

"सिस्टर, काल जीपचे पुढचे ब्रेक बसवले," मी म्हणालो. "स्वतःच्या हाताने."

त्यांनी माझ्या बोटांकडे पुन्हा एकदा पाहिलं. दुसऱ्या बोटासाठी घेतलेला बोळा खाली ठेवला आणि चिमटा उचलला.

"राहू दे ते, काका. कानाला लावते."