आबांचं ‘येस’

सोनगीरच्या फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा माझ्या हातात ट्रंक होती आणि तोंडात एकच शब्द, तोही चुकीचा. "जास, आबा," मी म्हणालो. वडिलांनी तिथेच टोकलं, "जास नको म्हनू. येस म्हन." आमच्या अहिराणीत जास म्हणजे जातो आणि येस म्हणजे येतो, येते. मला वाटलं, विलायतेला निघालेल्या पोराला आबा जाता जाता इंग्रजी शिकवतायत.

ही साठच्या दशकातली गोष्ट. बर्मिंगहॅमला कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली, मार्गारेट भेटली, लग्न झालं, सुमी झाली आणि संसार मोडलाही. का मोडला ते विचारू नका; माझं घोरणं हे एकमेव कारण नव्हतं, एवढंच सांगतो. कोर्टाने सुमीला आईकडे ठेवलं आणि मला रविवार दिले. रविवारचा बाप काय करणार? तळ्यावर नेऊन बदकांना पाव घालणार. तिथली बदकं माझ्या बापपणावर चांगली पोसली.

सुमी सात वर्षांची झाली तेव्हा मी कोर्टाकडे परवानगी मागितली, सुट्टीत पोरीला आजी-आजोबांकडे नेऊन आणतो. मार्गारेट घाबरली. तिथला हुकूम सोनगीरच्या वेशीत कोण मानणार, हा तिचा प्रश्न काही वेडा नव्हता. शाळा उघडायच्या आत परत आणीन, असं मी शपथेवर लिहून दिलं.

परवानगी मिळाली. इकडे सोनगीरला सुमी तांबट आळीत घागरींवरचे ठोके ऐकत बसायची आणि माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलायला लागली. माझे चुलते नाना ओट्यावर बसून म्हणायचे, "कोर्ट तठे, पोर आठे. कोन येस लेवाले?" कोर्ट तिकडे, पोर इथे, न्यायला कोण येतंय, यावर सगळे हसायचे. मीही हसायचो, जरा जास्तच वेळ.

एकदा धुळ्यात ओळखीच्या मारवाडी शेठच्या कापडदुकानातून मार्गारेटला ट्रंककॉल लावला. तिने लेकीला विचारलं, तुला तिथेच राहायचंय का? नेमकी त्याच वेळी माझी आई परकराचं माप घ्यायला हाक मारत होती. सुमी आजीकडे वळून ओरडली, "येस, येस!" आणि लाइन तुटली.

दोन दिवसांनी वकिलाची तार आली. मुलीने भारतात राहायला होकार दिल्याचं कळतं. परत आणली नाहीत तर पुढची कारवाई करू.

नाना खूश. "देख, पोरगीच हो म्हननी. आते ऱ्हाऊ दे आठेच."

आबांच्या मांडीवर सुमी झोपली होती. नातीला त्यांनी याच सुट्टीत आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. तिच्या केसांवरचा हात न उचलता म्हणाले, "ती हो नई म्हननी. येस म्हननी. तठे तिनी मायना जीव टांगेल शे. आठ दिन पहिले धाडी दे."

मी वकिली केली. म्हटलं, मुदत अजून बाकी आहे.

"मुदत कोर्टनी शे," आबा म्हणाले. "जीव मायना शे."

फाट्यापर्यंत सुमीची पिशवी त्यांनीच खांद्यावर आणली. डोळे कोरडे ठेवायला त्यांना बिडी पेटवावी लागली, आणि ती उलटी पेटवली.

विमानतळावर आम्हाला आठवडाभर आधी पाहून मार्गारेटने धावत येऊन सुमीला उचलून घेतलं. तो ‘येस’ समजावून सांगताना माझी सगळी इंजिनिअरी पणाला लागली. पुढच्या सुट्टीला तिने कोर्टाचं नावही काढलं नाही, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत ती स्वतः सोनगीरला आली. न शिकलेल्या माझ्या बापाने जे केलं, ते दोन देशांच्या वकिलांना जमलं नसतं. हे मी तिकडे कुणी ऐकणारा भेटला की सांगतो, आणि छाती फुगवून सांगतो.

घर कोणतं, असं मला इथे आणि तिथे दोन्हीकडे विचारतात. मला तो फाटा आठवतो. मार्गारेट आली होती त्या सुट्टीत, परत निघताना, आबांनी तिला तिथेच विचारलं होतं, "परत येशी ना, माय?" मी भाषांतराला तोंड उघडलं, त्याआधीच ती म्हणाली, "येस."

कोणत्या भाषेत, ते आबांनी विचारलं नाही.