मेमरी वाढवली ती दुपार

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही कणकवलीत कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा आमच्याकडे एकच कॉम्प्युटर होता आणि बघायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो टीव्ही वाटायचा. त्यात त्यांची चूक नव्हती. त्याच जागेत माझा नवरा आधीपासून टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होता. खोलीच्या मध्ये पडदा लावून मागच्या भागात आम्ही कॉम्प्युटर ठेवला. मी गणितात पदवी घेऊन मुंबईत मामाकडे राहून प्रोग्रॅमिंग शिकून आले होते. शिकवायचं मी आणि यंत्र सांभाळायचं त्याने, असं लग्नानंतर लगेचच ठरलं होतं.

उद्‌घाटनाला बाजारातले व्यापारी आले, कॉलेजातले दोन प्राध्यापक आले आणि मिठबावहून माझे सासरे आले. बाबांची आंब्याची कलमं होती, थोडे माड होते आणि एक लहान होडी होती. तिच्यावर त्यांचा कलमांपेक्षा जास्त जीव. पाहुण्यांना बेरजा-वजाबाक्या दाखवून काय उपयोग, म्हणून मी एक खेळ लावायचा ठरवला. मुंबईच्या मैत्रिणीने फ्लॉपीवर दिलेला, शिडाच्या जहाजाचा. बंदरातून जहाज काढायचं, वारा बघून हाकायचं, वाटेत शत्रू भेटला तर तोफा डागायच्या. आमच्या माणसांना समुद्राचं वेगळं काय सांगायला हवं, असा माझा हिशेब.

खेळ सुरू झाला, पण रडतखडत. जहाज बंदरातून निघालं की चित्र थांबायचं आणि फ्लॉपीचा ड्राइव्ह खर्र-खर्र करत बसायचा. मग समुद्र दिसायचा. दुसरं जहाज दिसलं की पुन्हा खर्र-खर्र. लोक आधी उत्सुकतेने वाकून बघत होते, हळूहळू खुर्च्यांना टेकले. शेवटी तोफ उडवायच्या नेमक्या वेळी कॉम्प्युटरचा हिरवा पडदा कोरा झाला आणि इंग्रजीत एक ओळ उमटली : मेमरी अपुरी आहे.

एका कापड व्यापाऱ्याने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “यंत्राचीच मेमरी कमी, ता आमच्या पोरांका काय शिकवतला?”

खोलीभर हशा झाला. मीही हसले, पण कान तापले होते. पाहुणे पेढे खाऊन गेले. त्या आठवड्यात एकानेही क्लासला नाव घातलं नाही.

पाहुणे गेल्यावर बाबा तिथेच बसून राहिले. “गो बाय,” ते म्हणाले, “तारू अडाकता कशाक? वारो तर बरो होतो.”

मी त्यांना समजावलं. समुद्र, वारा, बंदर, तोफा हे सगळं फ्लॉपीवर लिहिलेलं असतं. खेळताना ते उचलून मेमरीत आणावं लागतं, कारण यंत्राला काम करता येतं ते मेमरीत असलेल्यावरच. आमच्या यंत्राची मेमरी होती दोनशे छप्पन्न किलोबाइट. त्यातली थोडी यंत्राच्या स्वतःच्या कामाला जायची. उरलेल्या जागेत समुद्र मावला की बंदर बाहेर काढावं लागे, तोफा आणायच्या तर समुद्राला जागा कमी. फ्लॉपीकडे पुन्हा पुन्हा धावण्यात वेळ जायचा, आणि कधी कधी कितीही काढलं तरी जागाच पुरायची नाही.

“म्हंजे लहान वळय,” बाबा म्हणाले. वळय म्हणजे घराची पडवी. “एक खाट घातली की दुसरी भायर.”

“तसंच.”

“मग वळय वाढव.”

नवरा पडद्यापलीकडून हसत म्हणाला, “वाढवतंय, बाबा. तेच चल्लाहा.”

मुंबईहून मेमरीच्या चिपा आल्या त्या एका प्लॅस्टिकच्या नळीत, एकापाठोपाठ एक ओळीने. काळ्या, दोन्ही बाजूंना पाय फुटलेल्या, लहानशा गोमेसारख्या. दुपारी जेवून आम्ही पुढचं दार ओढून घेतलं. नवऱ्याने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत रिकामी घरटी ओळीने होतीच, जणू कुणी येण्याची वाट बघत. अंगातली वीज चिपांना लागू नये म्हणून त्याने मनगटाला तांब्याची तार गुंडाळून तिचं दुसरं टोक पाण्याच्या नळाला बांधलं. मी म्हटलं, “बांधलेल्या बैलासारखा दिसतोस.” त्याने मान खाली घालून हंबरून दाखवलं आणि कामाला लागला.

अंगठ्याने दाबून एकेक चिप बसत गेली. एकीचा पाय वाकला, तो मी भुवया कोरायच्या चिमट्याने सरळ केला. सगळ्या बसल्या. बटण दाबलं. चालू होताना यंत्र आपली मेमरी मोजून पडद्यावर आकडा दाखवत असे. आकडा चढत गेला. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, दोनशे छप्पन्न. आणि थांबला.

आम्ही पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दोनशे छप्पन्न.

“गेल्यो सगळ्यो,” तो म्हणाला आणि मनगटाची तार सोडून जमिनीवरच बसला. टीव्हीच्या बाबतीत त्याला असं हताश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र ते पटेना. सगळ्याच चिपा एकदम कशा खराब निघतील? एखादी खराब असती तर यंत्राने तक्रार तरी केली असती. हे तर त्यांच्याकडे बघतच नव्हतं. मी यंत्राबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरून वाचत बसले. तासाभराने सापडलं. नुसत्या चिपा बसवून भागत नाही, किती बसवल्या ते यंत्राला सांगावंही लागतं. त्यासाठी आत नखाएवढ्या खटक्यांची एक पट्टी होती. धुळीत दिसली नव्हती.

“खंय?” तो उठला.

“ही काय, तुझ्या नाकाखाली.”

मी केसांतली पिन काढून तिच्या टोकाने दोन खटके फिरवले. त्याने बटण दाबलं. दोनशे छप्पन्न आलं, आणि आकडा पुढे सरकला. तीनशे वीस. तीनशे चौऱ्याऐंशी. तो माझा हात धरून उभा होता. सहाशे चाळीसवर आकडा थांबला तेव्हा आम्ही दोघं इतक्या जोरात ओरडलो की शेजारचा शिंपी मशीन सोडून धावत आला.

आता मेमरीत इतकी जागा होती की सुरुवातीलाच सगळी फ्लॉपी तिच्यात उतरवून ठेवता येत होती. बंदरातून जहाज निघालं ते सरळ समुद्रात. शत्रू दिसला, तोफ उडाली, ड्राइव्हने हूं की चूं केलं नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी बाबा आले. त्यांना खुर्चीत बसवून मी कुठलं बटण कशाला ते दाखवलं.

थोडा वेळ खेळून ते म्हणाले, “तारू पयल्यासारख्याच चलता. माका वाटला, जोरात धावतला.”

“वेग तोच राहणार, बाबा. मेमरीने जहाज पळत नाही, फक्त मध्ये अडकत नाही.”

“ता बरा,” ते म्हणाले. “धावान खंय जावचा आसा?”

त्यांना तोफा काही जमल्या नाहीत. दोनदा जहाज बुडालं. एकदा ते वाऱ्यावर चिडले : “हो वारो खोटो. अशा वाऱ्यात शीड ऱ्हवाचाच नाय!” त्यांची एसटी सुटायची वेळ झाली हे मी सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, शिंप्यानेही सांगितलं. मिठबावला जाणारी तेवढी एकच एसटी होती, ती गेली. नवरा सायकल मारत स्टँडवर गेला आणि देवगडकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीच्या कंडक्टरकडे सासूबाईंसाठी निरोप ठेवून आला. रात्री जेवताना बाबांनी आम्हाला ती सगळी लढाई पहिल्यापासून सांगितली, जणू आम्ही तिथे नव्हतोच.

हळूहळू मुलं येऊ लागली, मग मुली. शेवटचा अर्धा तास खेळाचा असे, आणि त्या अर्ध्या तासासाठी ती आधीचा एक तास मुकाट्याने प्रोग्रॅम लिहीत. बाबा दर बाजारला येत. पुढे पुढे त्यांनी लढाई सोडूनच दिली. शत्रूचं शीड दिसलं की ते सुकाणू फिरवून दूर निघून जात आणि तो हिरवा समुद्र किनाऱ्याकिनाऱ्याने बघत हिंडत. कुणी विचारलं तर म्हणत, “मासळी खंय गावता ता बघतंय.”