चौथी घागर

यांच्या जाण्याची बातमी मला यांच्याच फोनवरून आली. दुपारची वेळ होती, ओटा पुसून मी नुकती टेकले होते. फोनवर यांचं नाव दिसलं आणि मी नेहमीच्या सुरात म्हटलं, "सापडली का रेंज?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. "हा नंबर 'घर' नावानं हाय. तुमी भाऊच्या कोन बोलून राह्यल्या?" मी विचारलं, "तुम्ही कोण? हा फोन तुमच्याकडे कसा?" ती म्हणाली, "आधी सांगा ना बाई, तुमी त्याहिच्या कोन?" मी म्हटलं, "बायको." आणि मग काहीच नाही... फोन चालू होता, मागे कुठेतरी शेळी ओरडत होती, त्या बाईचा श्वासही ऐकू येत होता, पण ती बोलेना. शेवटी फोन एका माणसाच्या हातात गेला. "काकू, मी गजानन. भाऊ गेले. ओट्यावर बसले, पानी मांगतलं, पानी आनेस्तोर मान टाकली. डाक्टर येऊन पाहून गेला." खरं लिहायचं तर रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की 'बायको' म्हटल्यावर ती बाई गप्प का झाली?

मी संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. मलकापूरच्या शाळेत आयुष्य गेलं माझं, आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरगं फार सरळ बसलं की मी त्याच्याच बाकापाशी जाऊन उभी राहायची. हेही निवृत्तीनंतर असेच फार सरळ बसायला लागले होते. एका जिनिंगमध्ये हे कापसाचे ग्रेडर होते. बोटांत कापूस ओढून धागा किती लांब आहे ते सांगायचे, आणि घरी आल्यावर जेवणाखेरीज कशालाही हात लावायचे नाहीत. पुण्याच्या मुलानं नवी सायकल घेतली तेव्हा जुनी, जाड टायरची, गिअरची सायकल यांच्यासाठी पाठवून दिली. मला वाटलं, बाजारातून भाजी आणतील. यांनी मात्र सीटखाली एक लांब पिशवी बांधली, दांड्यांच्या मधल्या जागेत एक तिकोनी पिशवी बसवली, हँडलला छोटासा तंबू गुंडाळला आणि एका सकाळी म्हणाले, "घाटावर जाऊन येतो. चार-पाच दिवस लागतील." आमच्या जिल्ह्यात माणसं घाटावरची आणि घाटाखालची अशी दोनच. आम्ही घाटाखालचे. घाटावर आमचं कोणी सोयरं नव्हतं, लग्न नव्हतं, मयत नव्हती. मग कशाला जायचं, तर म्हणे, बरं वाटतं!

त्या पहिल्याच खेपेत मला एका पोलीस पाटलाचा फोन आला. "इथं एक इसम सायकलवर तंबू बांधून आला. म्हनते मलकापूरचा हाय. तुमचा मानूस हाय का?" मी हो म्हटलं. "घरी काही भांडन झालं का?" मी नाही म्हटलं. "मंग काऊन फिरून राह्यले?" मी म्हटलं, "मला कळलं तर तुम्हाला कळवते." परत आल्यावर हे सगळं सांगत बसले. राजूर घाट निम्मा चढले आणि निम्मा सायकल ढकलत नेली, वगैरे. पुढं डांबरी रस्ता सोडून मुरुमाच्या आणि शेतांमधून जाणाऱ्या पांधणीच्या रस्त्यांनी, कुठे नुकती खडी पसरलेल्या रस्त्यांनी लोणारपर्यंत गेले. बाभळीच्या काट्यांनी ट्यूबची चाळण झाली. पण खरा त्रास माणसांचा. एका गावात यांना नव्या रस्त्याचा मोजणीवाला समजून एकानं हात धरून मळ्यात नेलं आणि आपली विहीर दाखवली, ही ध्यानात ठेवा म्हणून. दुसऱ्या गावात आयांनी पोरं ओढून घरात घेतली. "कुणाला खरं सांगितलं की पटतच नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, "मला तरी कुठं पटलंय?" यावर यांनी घाटाच्या माथ्यावरच्या वाऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं, जो उतार लागायच्या आधी अंगावर येतो तो. वारा खायला माणूस इतक्या लांब जात नाही, आमच्या गच्चीवरही तो येतो.

दुसऱ्या खेपेपासून मात्र असा एकही फोन आला नाही. वर्षातून दोनदा हे जायचे, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास, एकटेच. कधी चिखली-मेहकरकडे, कधी बोथ्याच्या जंगलाकडून खामगावला उतरून पुढं नांदुरा, जळगाव जामोद आणि सातपुड्याचा पायथा. तिथल्या जंगलातल्या कच्च्या वाटांनी एखादी खिंड ओलांडून यायची आणि मग घरी. आता कुणी अडवत नाही का, असं विचारलं तर म्हणायचे, "सवय झाली लोकांना." हे उत्तर मला तोंडपाठ केल्यासारखं वाटलं. शिवाय पुरावे होते. चार दिवस मातीत लोळून आलेल्या माणसाच्या पिशवीत धुऊन घडी घातलेला सदरा कसा? एकदा कुरडया आल्या, एकदा आंब्याचं लोणचं, फडक्यानं तोंड बांधलेलं, आणि ती गाठ यांच्या हातची नव्हती. मी सरळच विचारलं, "बाई आहे का कोणी?" हे म्हणाले, "आहे की. साठीची आहे, वच्छलाबाई नाव तिचं. तिच्या ओट्यावर तंबू लावायलाही लागत नाही." इतकं सहज सांगितल्यावर तर माझा संशय दुप्पट झाला. त्या लोणच्याची चव घ्यायला मी बरेच दिवस तयार नव्हते. घेतली तेव्हा ते उत्तम निघालं, आणि त्याचाही राग आला.

आदल्या वर्षी छातीत दुखलं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं, सपाटीवर चालवा, घाट-चढ बंद. यांनी मान हलवली. होळी झाल्यावर पुन्हा पिशव्या बांधायला लागले तेव्हा आमचं दोन दिवस भांडण चाललं. "या वेळी फक्त पायथ्यापायथ्यानं," असं कबूल करून त्या शेवटच्या खेपेला निघाले आणि अर्थातच खिंडीतूनच गेले... गजानन सांगत होता, डोंगराकडच्या रस्त्यानं उतरताना त्यानं यांना पाहिलं, हात वर केला तर यांनीही केला होता.

पुतण्या गाडी घेऊन गेला आणि यांना घेऊन आला. सायकल गाडीत मावली नाही म्हणून तिकडेच राहिली. सोबत गजानन, वच्छलाबाईंचा मुलगा, आला होता. तो सगळा वेळ अंगणात उभा राहिला, चहा घेतला नाही आणि माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. दिवसकार्य झालं, मुलगा पुण्याला गेला, भेटायला येणाऱ्या बायका कमी झाल्या आणि घरात मी आणि ती फोनवरची शांतता अशा दोघीच उरलो. या वयात नवऱ्याचा असा हिशेब मनात घेऊन उरलेलं आयुष्य काढायचं की जाऊन विचारायचं, एवढाच प्रश्न होता. आखाजीला पुतण्याला सुट्टी होती. मी म्हटलं, चल, सायकल घेऊन येऊ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेल्या मातीच्या घागरी मांडतात, एका माणसाची एक. पण आमच्या घराण्यात वर्ष झाल्याशिवाय नव्या माणसाची घागर मांडत नाहीत, आणि जुन्या घागरी पुतण्याच्या घरी भरतात, त्यामुळे मला घरी काही काम नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही, ते वच्छलाबाईंना आवडणार नाही. डोंगर दिसायला लागल्यावर रस्ता असा लागला की पुतण्या पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत मला म्हणाला, "काकू, काका इथून सायकलनं येत होते?" ओट्यावर सायकल उभी होती, पिशव्यांसकट, कुणीतरी रोज पुसत असल्यासारखी स्वच्छ. वच्छलाबाई दारातच होत्या. साठीच्याच निघाल्या. घरात भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता, त्याला हार होता. हे सगळं मी चपला काढता काढता पाहून घेतलं. बाईंनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. 'या' म्हणाल्या नाहीत, 'बसा' म्हणाल्या नाहीत. मीही वेळ घालवला नाही. विचारलं, "त्या दिवशी मी बायको म्हटल्यावर तुम्ही गप्प का झालात?"

त्यांनी एकदम खाली बसून माझे पाय धरले. "माह्याकडून पाप झालं बाई. म्या जित्या बाईची घागर भरली."

मला काही कळेना. मग त्यांनीच आत नेऊन दाखवलं. देवाच्या कोपऱ्यात तीन घागरी मांडल्या होत्या, सासऱ्याची, सासूची, नवऱ्याची, वर आंबे, गळ्यात सूत. शेजारी चौथीची जागा सारवून रिकामी ठेवली होती. "तिथं तुमची राहे," बाई म्हणाल्या. "भाऊ पयल्यांदा आले तवा लोकाइनं घेरलं त्याहिले. कोनी म्हने मोजनीवाला, कोनी म्हने पोरं पयवनारा. काऊन फिरता, काऊन फिरता. मंग ते म्हनले, घरवाली वारली, घरात करमत नाही. तं सारे गप झाले. म्याच पानी देल्लं. पोरगा पुन्याले, मंग तिची घागर कोन भरते म्हनलं, तं कोनीच नाही म्हने. मले वाटलं, तीन भरतो तं एक जास्त. तवापासून दरसाली भरली."

"त्यांना हे माहीत होतं?"

"सांगतलं ना म्या. तोंडाले दुपट्टा लावला अन् लय रडले. खांदे हालत होते त्याहिचे."

हे हसायचे असेच. आवाज नाही, तोंडावर टॉवेल, खांदे हलतायत, डोळ्यांत पाणी. ते मी बाईंना सांगितलं नाही. आता लिहिताना वाटतं, कदाचित रडलेही असतील, माझ्याजवळ त्याचा काही पुरावा नाही. पण मला तेव्हा राग आला तो वेगळाच. नवस आहे म्हणून सांगता आलं असतं, डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय म्हणता आलं असतं. मारायला मीच सापडले? मी विचारलं, "कशानं गेले होते मी?" बाई पदरात तोंड घालून म्हणाल्या, "काविळीनं."

मग खरं बाहेर आलं. "फोनवर तुमी बायको म्हनल्या, तवा मले समजलं. जित्या बाईले म्या पितरात बसवलं, दरसाली पानी देल्लं, म्हून तिचं कुकू गेलं. भाऊले म्याच नेलं." मागे उभा असलेला गजानन म्हणाला, "काकू, तवापासून माय धड जेवत नाही. तुमी येसान, शिव्या देसान, याचीच वाट पाहून राह्यली."

मी भांडायलाच गेले होते. पण ही बाई माझ्याआधीच स्वतःवर आरोप ठेवून बसली होती, आणि तोही असा की मला तो मान्य करता येईना. मी खाली बसले, त्यांचा हात धरला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, की यांचं छातीचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी घाट बंद करा म्हटलं होतं, आणि माझ्यासमोर हो म्हणून हे खिंडीतून आले. "बाई, घागरीनं माणूस जात नाही. ते घाटानं गेले, आणि आपल्या मर्जीनं गेले. खोटं ते बोलले, तुम्ही फक्त पाणी दिलंत. त्यात पाप असलंच तर त्यांचं आहे." मग सुनेनं आणलेल्या पाण्यातलं अर्धं वच्छलाबाई माझ्यासमोर प्यायल्या.

यांनी मला खरं सांगितलं होतं, बरं वाटतं म्हणून जातो. ते मला पटलं नाही. गावाला खोटं सांगितलं, ते गावाला लगेच पटलं. बायको मेलेला माणूस कुठंही फिरू शकतो. बायको असलेल्या माणसाला एवढा वारा खायचाही आमच्याकडे परवाना नाही. हे मला त्या सारवलेल्या जागेसमोर बसल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं, माझ्यापेक्षा यांच्यासाठी. तरी एक विचारल्यावाचून राहवलं नाही. "त्या मेलेल्या बाईबद्दल काय सांगायचे हो?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "एकच सांगत. म्हने, मी निघालो का बाकीच्या बायाइवानी तिनं मागून कधी हाक नाही मारली. कुठं चालले, कधी येसान, काही नाही. दारात उभी राहे, मी मोडावर पोचेस्तोर पाहे, पन बोलत नसे. म्हून माह्या वाटंत कधी काही आडवं आलं नाही म्हने."

मी दारात उभी राहायची ती हे स्टेशनकडे वळतात की हायवेकडे, ते पाहायला. बोलायची नाही, कारण रागात असायची. हे एवढी वर्षं त्याचा असा अर्थ काढत होते, आणि खिंडीपलीकडच्या एका ओट्यावर बसून परक्या बाईला ते कौतुकानं सांगत होते. मला तिथं हुंदका आला. बाईंनी मला रडू दिलं.

नंतर त्यांनी माजघरातून एक नवी कोरी घागर आणली. भाऊंसाठी घेऊन ठेवली होती, पण मला विचारल्याशिवाय भरायची हिंमत झाली नव्हती. आमच्यात वर्षाआधी मांडत नाहीत हे मला आठवत होतं. मी उठले, रांजणातलं पाणी तांब्यानं घेतलं आणि स्वतःच भरली, काठोकाठ. माझ्या रिकाम्या जागी ठेवली, सुनेनं वर आंबा ठेवला, सूत गुंडाळलं. बाहेर पुतण्या सायकल गाडीच्या टपावर बांधत होता, त्याचा आवाज येत होता. वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "बोला ना काही त्याहिले. पानी देताना बोलतेत आमच्याकडं."

मी हात जोडून उभी राहिले आणि मान हलवून नाही म्हटलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये.