जेठजी आणि जमना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे नंदुरबारच्या दवाखान्यातून परतले. गाडीचे बैलही न सोडता दारात उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ गया." माझा हात आधी पदराकडे गेला. थोरल्या दिरांचं नाव निघालं की डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, ही लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनची सवय... माणूस गेला तरी हाताला ते कळत नाही. आमच्या गुजर घरांत नवऱ्याच्या थोरल्या भावाला जेठ म्हणतात. जेठाला सुनेनं तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचंही नाही. फारच अडलं तर भिंतीकडे बघून भिंतीलाच सांगायचं, ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकावं. इतकी वर्षं एका घरात राहून जेठजींनी माझा चेहरा पाहिला नाही. त्यांना तुम्ही लेखक म्हणून ओळखत असाल, मी त्यांना ओळखत होते ते जमनेमुळे.

जेठजी आमच्या कोरीटच्या शाळेत मास्तर होते. जेठाणीबाई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, मी या घरात येण्याआधीच वारल्या होत्या, जेठजींनी पुन्हा लग्न केलं नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी कापसाच्या शेतात एक चक्कर, आणि मधल्या वेळात ओट्यावर मांडी घालून लिहिणं. धुळ्याच्या एका साप्ताहिकात त्यांची कथा दर आठवड्याला येई. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचे ते दिवस. शनिवारी नंदुरबारहून अंक आला की दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात जमत. सातवी पास झालेली मी एकटीच, म्हणून वाचायची मी. कथेतली जमना तापीकाठच्या गावची सून होती. तोंडाची फटकळ, कामाला वाघीण. नावाड्याशी भांडून फुकटात नदी पार करणारी. आमच्या बायकांनी तिला असं काही घरचं करून टाकलं होतं की कुणी उशिरा आली तर म्हणायच्या, "जमना भेटनी व्हती का वाटमा?" जमनेचा चेहरा मात्र जेठजींनी कधी लिहिला नाही. नाक कसं, डोळे कसे, बायका मला विचारून विचारून थकल्या. मला कारण कळत होतं, पण मी सांगितलं नाही.

माझी दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं मूल पोटातच गेलं आणि दुसरं जन्मल्याबरोबर. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरात कुणी आनंदानं बोलेना, जरा हसले तरी सासूबाई डोळे वटारायच्या. आणि नेमकी तेव्हाच कथेत जमनेला दिवस गेले. मला चिंच खावीशी वाटली की दोन आठवड्यांनी जमनाही चिंच खायची. मला तव्यावरच्या करपलेल्या भाकरीच्या वासानं मळमळलं की तिलाही मळमळायचं. स्वयंपाकघरातलं बोलणं ओट्यावर ऐकू जातं, एवढाच त्याचा अर्थ. पण बायकांनी त्याचा भलताच अर्थ लावला. सातव्या महिन्यात सासूबाईंनी दृष्टीच्या भीतीनं माझी ओटी भरू दिली नाही. तेव्हा बायका म्हणाल्या, मग जमनेची भरू. पाट मांडला, पाटावर तो साप्ताहिकाचा अंक ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, खण-नारळ ठेवला, गव्हानं ओटी भरली. मी शेजारी बसून दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. सासूबाईंनी ते चालू दिलं. कुणाची वाईट नजर लागायचीच असेल तर ती कागदाला लागो, असा त्यांचा हिशेब असावा. मला मात्र त्या दिवसापासून जमना सख्ख्या बहिणीसारखी वाटू लागली. मी वाचताना तिचं नाव आलं की अंकावर हात ठेवायची.

नववा लागला आणि माझे पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधार यायला लागला. सुईण हात लावून गेली आणि जाताना माझ्याकडे न बघता सासूबाईंशी कुजबुजली. सासूबाईंनी सगळं करून पाहिलं. लिंबू, भाकरी, नारळ माझ्यावरून उतरवून शिवेवर नेऊन टाकले. जेठजी अशा उताऱ्यांची शाळेत खिल्ली उडवायचे. चौकात पडलेलं लिंबू एकदा त्यांनी मुलांदेखत लाथेनं उडवलं होतं. त्याच माणसाच्या पुढ्यात एका सकाळी सासूबाई जाऊन बसल्या. मी आत दाराच्या आड होते.

"तुन्ही जमना जगस का मरस?"

"जगस. पोर व्हस तिले."

"नको. तिले जाऊ दे."

जेठजी हसले असावेत. "माय, ती कागदवरनी शे."

"म्हणीसनच सांगस," सासूबाई म्हणाल्या. "कागदवरनी जावो, घरमानी ऱ्हावो."

 ज्या अर्थी या वेळी जेठजींनी आईला हसण्यावारी नेलं नाही, त्या अर्थी ते घाबरले होते. दोन लहान मुलं त्यांनीच आपल्या हातांनी पुरली होती...  मला मरायची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण माझ्या जागी कुणाला तरी पुढे ढकलतायत, आणि तेही जमनेला, हे मला सहन होईना. सासूबाई गोठ्याकडे गेल्या तशी मी पदर ओढून उंबऱ्याशी आले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अय भीत, सांग जेठजीले. तिले नका मारू. तिन्हा जीववर माले पोर नको."

टाक थांबला. सुनेनं न विचारता जेठापुढे तोंड उघडलं होतं, ते रागावले असते तरी चाललं असतं. पण ते उठले, कागद उचलले आणि चप्पल न घालताच बाहेर गेले. त्यांनी काय ठरवलं ते मला कळलं नाही. लिहिलेला भाग ते बसनं पाठवत आणि तो छापून यायला आठवडा लागे. तो आठवडा माझ्या अंगावरून कसा गेला ते मीच जाणे. बाळ पोटात हललं की मला वाटे, तिथं जमना मेली. हललं नाही की वाटे, तिला त्यांनी वाचवलं. दोन्हीकडून माझं काळीज तुटत होतं.

शनिवारी बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा माझ्या कळा सुरू झाल्या होत्या. अंगणात बायका आलेल्या कळत होत्या, पण त्या बोलत नव्हत्या. "अंक ऊना का?" मी विचारलं. सुईणीनं तोंडात कपडा कोंबायला दिला. पुन्हा विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नही ऊना." दिवे लागायच्या सुमारास मुलगी झाली आणि रडली. ते रडणं ऐकून सासूबाई मटकन खाली बसल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि अंक आला होता हे मला समजलं.

बारसं झाल्यावर मला तो कणगीत सापडला; शाळेतल्या एका पोराकडून वाचून घेऊन सासूबाईंनी तो तिथं लपवला होता. जमनेला बैलगाडीतून दवाखान्यात नेत होते, वाटेतच ती गेली. पोटातल्या जिवासकट. दोन परिच्छेदांत आटोपलं होतं, घाईघाईनं डोळे मिटून लिहिल्यासारखं. मी मुलीला पाजत होते आणि रडत होते. ओल्या बाळंतिणीनं रडू नये म्हणतात, पण त्या दिवशी मला सासूबाईंनी अडवलं नाही. मुलीचं नाव जमना ठेवायचं मी म्हटलं, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. उतारा म्हणून दिलेलं परत घरात आणतात का? मुलीचं नाव सुशीला ठेवलं.

जेठजींवरचा माझा राग वर्षभर गेला नाही. त्यांच्या खिचडीत मीठ कमी पडत राहिलं आणि ते मुकाट्यानं खात राहिले. बाहेर तर लोकांनी त्यांना फाडून खाल्लं. अक्कलकुव्याच्या बाजारात एका दुकानदारानं तोंडावर सांगितलं, "मास्तर, आमनी जमना खाई गयात तुम्ही." जेठजी "हां" एवढंच म्हणाले. ते स्वप्न होतं असं पुढच्या अंकात लिहा, असा संपादकांनी आग्रह धरला, त्यालाही ते बधले नाहीत. आईनं सांगितलं म्हणून, किंवा घरात सून अडली होती म्हणून, असं एकदा जरी बोलले असते तरी लोकांनी त्यांना माफ केलं असतं. ते कधीही बोलले नाहीत आणि त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. सुशीला वाचली ती जमनेमुळे, असं मी म्हणत नाही. नाही असंही माझ्या तोंडातून निघत नाही.

पुढच्या वर्षी पितृपक्ष आला. अहेव नवमीला, म्हणजे सवाष्णपणी गेलेल्या बायकांच्या तिथीला, आमच्याकडे जेठाणीबाईंची पत्रावळ मांडतात. मी खीर ढवळत होते. जेठजी कधी नव्हे ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले, पाठ फिरवून उभे राहिले आणि भिंतीला म्हणाले, "अय भीत, एक पत्रावळ जास्त मांड म्हणावं."  लिंबाला लाथ मारणारा हा माणूस! माझा राग तिथंच संपला. त्यानंतर दर वर्षी मी दोन मांडल्या, त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही. सासूबाईंनी दुसरी कुणाची ते कधी विचारलं नाही. जन्मताच गेलेल्या माझ्या मुलाची समजत असतील, असं मला वाटायचं.

यंदा जेठजींचं वर्ष व्हायचं आहे. अशा घरात पितर जेवू घालत नाहीत, शेजारणी मला बजावून गेल्या होत्या. जेठाणीबाई पुढच्या वर्षापर्यंत थांबतील, त्यांना घर आहे, नवरा आता तिकडेच आहे, मागे करणारी माणसं आहेत. जमनेला कोण आहे? जिनं तिला वाचवा म्हटलं ती मी, आणि ज्यांनी तिला मारलं ते जेठजी, दोघांतलं एकच आता उरलं होतं. नवमीला सकाळी मी गुपचूप मूठभर तांदळाची खीर केली आणि मागच्या अंगणात एकच पत्रावळ मांडली.

मागे काठीचा आवाज आला. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, तरी त्या भिंत धरत धरत तिथवर आल्या होत्या. मी वाढायची थांबले. आता शिव्या बसणार, घरात अपशकुन केलास म्हणणार, असं वाटून मी उभीच राहिले. त्या हातानं चाचपत पत्रावळीपाशी बसल्या आणि खिरीला बोट लावून पाहिलं.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या. "ती दोन जीवनी व्हती. जास्त वाढ."