हात साफ

आमच्या धंद्यात ‘क्लीनअप’ नावाचं एक काम असतं. चित्रीकरणात नको ते आलेलं असतं, विजेची तार, कुणाची सावली, गालावरची पुटकुळी. ते संगणकावर एकेका चौकटीतून पुसायचं. शहागंजात एका कापडाच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता आणि मी तिथं सहा वर्षं हेच पुसत बसलो होतो. त्याचा कधी राग आला नव्हता. चहाच्या जाहिरातीनं आला, तो अजून गेलेला नाही.

कंपनीला म्हणे ‘खरी माणसं’ हवी होती. जाहिरातीची ओळच तशी होती: खऱ्या माणसांचा खरा चहा. म्हणून मुंबईची मंडळी मी राहत होतो त्या बजाजनगरात आली आणि कामगारांना टपरीवर बसवून चित्रीकरण करून गेली. त्यात माझ्या शेजारच्या खोलीतले काका होते. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांचा पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. उरलेल्या तीन बोटांवर ते बशी अशी तोलत की थेंब सांडत नसे. दिग्दर्शकानं तो शॉट तीनदा घेतला, तेव्हापासून काका हवेतच होते. वैजापूरकडच्या त्यांच्या गावात त्यांना ‘थोटा’ म्हणत. त्यापायी ते दोन वर्षं गावच्या जत्रेलाही गेले नव्हते. आता त्यांनी घरोघरी फोन करून सांगितलं, टीव्हीवर माझा हात बघा.

पुढं कामाची यादी आमच्याकडे आली. त्यात लिहिलं होतं, ‘बशीचा शॉट: हात साफ करणे.’ आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं, नखांतलं ग्रीस काढायचं असेल. ते काढून पाठवलं. तासाभरात मुंबईहून जाहिरातवाल्या बाईंचा फोन.

‘‘बोटं राहिली.’’

‘‘राहिली नाहीत, गेलीत. प्रेसमध्ये.’’

‘‘अहो, बघवत नाही ते. चहा पिताना कसं प्रसन्न वाटायला हवं.’’

बघवत नाही! ज्या हातानं तुमच्या गाड्यांचे पत्रे कापले तो हात बघवत नाही, आणि मिरवायला मात्र खरी माणसं पाहिजेत. मी तणतणत स्टुडिओच्या मालकांकडे गेलो. ते मान खाली घालून म्हणाले, ‘‘मेरे कू भी बुरा लगता मियाँ, मगर उनकू पाँच उंगलियाँ होना.’’

त्याच क्षणी नोकरी सोडली, असं आज लिहायला मला आवडलं असतं. सोडली नाही. हिरव्या कापडासमोर बशी धरून मी माझीच दोन बोटं चित्रित केली, रंग जुळवला, सावली टाकली आणि ती काकांच्या हाताला जोडली. काम बेमालूम झालं. मुंबईहून शाबासकी आली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांना मी काही सांगितलं नाही. चेहरा तर दिसतोय ना, अशी मनाची समजूत घातली. मग तीस सेकंदांची जाहिरात वीसची करायचं ठरलं. संकलनात चेहऱ्याचे सगळे शॉट उडाले. उरला तो हात.

जाहिरात लागली तेव्हा काका मुद्दाम रजा काढून गावी गेले होते. परतले ते थेट माझ्या दारात. चिडले असते तर बरं झालं असतं.

‘‘म्या म्हनलं, ह्यो माजा हात हाय,’’ ते म्हणाले. ‘‘समदे हसाया लागले. म्हनले, थोट्या, तुला कधी फुटली पाच बोटं? माय तर उठून टीव्हीपाशी गेली. लई बारीक बघितलं तिनं. म्हनली, ह्यो तुजा हात नाय.’’

मी सगळं सांगून टाकलं. ग्रीस, फोन, हिरवं कापड.

‘‘मंग ती दोन बोटं कुनाची?’’

‘‘माझी.’’

त्यांनी माझा हात ओढून घेतला, करंगळी उलटसुलट करून पाहिली.

‘‘येत्या रविवारी माज्यासंगं गावी चल,’’ ते म्हणाले. ‘‘ही बोटं मायला दाव. ती मला खोटारडा समजायली.’’