शिवलीला अक्कांची पुढे पळणारी मुलं

शिवलीला अक्का माझ्याहून लहान, तरी मी त्यांना अक्काच म्हणतो. मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत सगळेच म्हणतात. त्या मूळच्या निपाणीच्या, लग्न होऊन इथे आल्या. वरच्या मजल्यावर त्या पेटी आणि गाणं शिकवतात, खाली मी राहतो. त्यांच्याबद्दल एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. पण संक्रांतीला जे घडलं ते मी समोर बसून पाहिलं, म्हणून प्रयत्न करतो.

एके काळी अक्कांच्या दाराशी इतक्या चपला असत की जिना चढायला जागा नसे. मग आसपासची मुलं लांबच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, काही कीबोर्डकडे वळली. शेवटी क्लासला एकच मुलगी उरली, तीही कॉलेजला म्हैसूरला गेली. अक्का रोज पेटी पुसायच्या आणि मला म्हणायच्या, "अण्णा, आता मी पेटीलाच शिकवते."

अशात एकदा संध्याचा फोन आला. संध्या आणि तिचा नवरा पद्मनाभ मूळचे पुण्याचे. दोघंही इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करत होते. ती सोडून त्यांनी आनेकलच्या पुढे शेत घेतलं. कस्तुरी आणि शार्दूल या मुलांना शाळेत न घालता ते घरीच शिकवतात. त्या भागात अशी आणखी काही कुटुंबं आहेत. कुणी सगळ्यांच्या मुलांना गणित शिकवतं, कुणी सुतारकाम. गाणं शिकवणारं मात्र कुणी नव्हतं.

"आमच्या इथल्या मुलांना ऑनलाइन शिकवाल का?" संध्याने विचारलं.

अक्का लगेच "सरी, शिकवते" म्हणाल्या आणि फोन ठेवून खाली माझ्याकडे आल्या. "अण्णा, ऑनलाइनला फोन उभा धरायचा की आडवा?"

मला तरी काय ठाऊक! आम्ही तो रव्याच्या डब्याला टेकवून ठेवला.

त्या क्लासची गंमत मी खालून ऐकत असे, कधी वर जाऊन बघत असे. कस्तुरीच्या मागून कोंबड्या फिरायच्या. शार्दूल पाण्याच्या टाकीवर बसून गायचा, कारण त्यांच्याकडे रेंज तिथेच चांगली. एका वेळी एकाच मुलाचा आवाज चालू, बाकीच्यांचा बंद. सगळ्यांचा चालू ठेवला तर गोंधळच गोंधळ. अक्का हाताने टाळी देत मुलाबरोबर गायच्या आणि ओरडायच्या, "मागे पडतेस की गं कस्तुरी! स्वल्प पुढे ये!"

काही महिन्यांत मुलं अक्कांच्या टाळीवर अशी नेमकी यायला लागली की अक्का मला मुद्दाम वर बोलवून ऐकवायच्या.

संक्रांतीला ही सगळी कुटुंबं संध्याच्या शेतावर जमणार होती. मुलांनी तिथे भूप रागातली सरगम म्हणायची असं ठरलं. पण त्या कुटुंबांतल्या रंजिताने आधीच सांगून ठेवलं होतं, की फोनवर गाणं येतं का ते त्या दिवशी कळेलच. नाही जमलं तर सगळे मिळून गाणं शिकवणारं एक तयार ॲप घेऊ. बाकीच्यांनाही ते पटलं होतं.

अक्कांनी ते मनाला लावून घेतलं. "हा क्लास गेला तर परत पेटी पुसत बसायचं," त्या म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही तबल्याला चला."

"अहो, मी भजनात वाजवणारा माणूस."

"मग तिथं काय मैफल आहे? चला."

आम्ही सकाळीच पोचलो. अक्का मुलांना प्रथमच प्रत्यक्ष भेटत होत्या. "अगं, तू एवढी उंच आहेस होय!" असं म्हणत त्यांनी कस्तुरीला जवळ घेतलं. मग गोठ्याशेजारच्या शेडमध्ये तालमीला बसलो. मी ठेका धरला, अक्कांनी पेटीवर सूर दिला आणि मुलं गायला लागली.

पहिल्याच आवर्तनात मुलं समेवर माझ्या आधी पोचली. मी घाईने हात उचलला, तर ती आणखी पुढे गेली. वाटलं, म्हातारपणी हात जड झाला, या बाईचा क्लास आता माझ्यामुळे जाणार.

"अण्णा, झोप लागली काय वो?" अक्का म्हणाल्या.

"चुकलं, पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच. अक्कांनी पेटी थांबवून एकेकाला गायला लावलं. तेव्हा त्यांना कळलं, की चूक माझी नव्हती. शार्दूल थोडासाच पुढे होता, कस्तुरी त्याहून पुढे, आणि डोंगराच्या कडेला राहणारी छोटी पवित्रा तर टाळी पडायच्या कितीतरी आधी येऊन वाट बघत होती.

"एवढी घाई कसली गं?" अक्कांनी विचारलं.

कस्तुरी गोंधळली. "अक्का, तुम्हीच म्हणायचात ना, पुढे ये, पुढे ये? तुमची टाळी ऐकू आल्यावर गायलं की तुम्ही रागवायचात. मग मी टाळीच्या आधीच गायला लागले. तेव्हा तुम्ही शाबास म्हणालात."

दारात उभा असलेला पद्मनाभ कपाळाला हात लावून हसायला लागला. "अहो अक्का, तुमचा आवाज इथे उशिरा पोचतो, त्यांचा तिकडे आणखी उशिरा. ज्याची रेंज खराब, तो जास्त पुढे! आणि नोकरीत मी हेच काम करत होतो. नेटवर्कचा उशीर कमी करायचं!"

"मग घरात बसून काय कान मिटले होते?" संध्या म्हणाली.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पेटीचा भाता बंद केला. बाहेर गाड्या यायला लागल्या होत्या. मग त्यांनी मुलांना गोल करून बसवलं आणि एकमेकांचे हात धरायला लावले. "सरगम विसरा. फक्त सा लावा. माझ्याकडे बघू नका, शेजारच्याचं ऐका."

पाच मुलांनी सा लावला. सुरुवातीला तो वेडावाकडा होता, मग हळूहळू एक झाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या मुलांनी एकमेकांचा आवाज आपल्या आवाजात असा मिसळलेला कधी ऐकलाच नव्हता. पवित्राने डोळे मोठे केले आणि गाता गाता ती हसायलाच लागली.

कार्यक्रमात अक्का सरळ उभ्या राहिल्या आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं. "मुलं चुकली नाहीत. मी शिकवलं ते बरोबर शिकली. मीच चुकीचं शिकवलं. आता आम्ही सकाळपासून जे नवीन शिकलो, तेवढंच ऐका." लोक हसले. मुलांनी हात धरूनच सरगम संथ लयीत म्हटली. दोनदा पवित्रा पुढे सटकली, दोन्ही वेळा कस्तुरीने तिचा हात दाबून तिला मागे आणलं. शेवटच्या समेवर सगळी एकत्र पोचली. माझाही तबला तिथेच होता, हे नवल.

टाळ्या थांबल्यावर रंजिता पुढे आली. "म्हणजे फोनवर गाणं येत नाही, हे तुम्हीच कबूल केलंत."

"एकत्र गाणं येत नाही," अक्का म्हणाल्या. "यापुढे फोनवर मी गाईन तेव्हा ती ऐकतील, ती गातील तेव्हा मी ऐकेन. एकत्र गायचं ते इथं, या शेडमध्ये. महिन्यातून एकदा मी येते की."

रंजिताने शेडकडे पाहिलं. मुलं अजून सा लावून खिदळत होती. "मग माझ्या धाकट्यालाही घ्या," ती म्हणाली. "पण सांगून ठेवते, त्याचा आवाज फार मोठा आहे."

"मोठाच द्या. आवाज न फुटणारी मी पुष्कळ शिकवली."

परतीच्या बसमध्ये अक्कांच्या मांडीवर संध्याने दिलेल्या अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगांची पिशवी होती. एकदम माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "दर महिन्याला येते म्हटलं, पण तुम्हाला विचारलंच नाही की."

"अक्का, दुसरा चांगला तबलजी बघा. मला काही तेवढं—"

"तबला राहू द्या हो," अक्का म्हणाल्या. "बसमध्ये पेटी धरायला कोण येणार?"